ऑपरेशनच्या कागदावर सही करण्यापूर्वी: भूल कोण देणार, हे कसं तपासाल?

ऑपरेशन कोणते डॉक्टर करणार, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. त्यासाठी पाहुण्यारावळ्यांना विचारलेलं असतं, महाडात चौकशी झालेली असते. पण भूल कोण देणार, असं विचारलं तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाही. ऑपरेशन चालू असताना तुमचा श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके ज्यांच्या हाती असतात, त्या माणसाचं नावसुद्धा आपण विचारलेलं नसतं.

पाचाड, बिरवाडी, वरंध, पोलादपूर या पट्ट्यातल्या वाचकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा येतात. सिस्टरनेच भूल दिली, हे चालतं का? बाहेरून येणारे भूलतज्ज्ञ खरे कशावरून? अमेरिकेतल्या सुनेला नर्सने भूल दिली, मग आपल्याकडे तसं का नाही? या प्रश्नांची उत्तरं निर्णयाला उपयोगी पडतील अशा क्रमाने पुढे देत आहोत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. नाव आणि पदवी विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. लहान गावातल्या डॉक्टरांची योग्यता कमी असते, असंही नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं काम महाड तालुक्यातच, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना उभं राहिलं आणि जगभर पोचलं. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही. ते दोन मिनिटांत उत्तर देतात.

नर्स भूल देऊ शकते का?

आपल्याकडे स्वतंत्रपणे नाही. अमेरिकेत भूल देणारी नर्स हा वेगळा, परवानाधारक व्यवसाय आहे. भारतात नर्सला स्वतःच्या जबाबदारीवर भूल देता येईल अशी नोंदणी नाही. पूर्ण भूल असो वा कमरेतली, ती ठरवणं, देणं आणि शेवटपर्यंत सांभाळणं ही डॉक्टरांची जबाबदारी आहे.

मग सिस्टर भूल देताना दिसतात, ते काय? त्या सलाइनची सुई लावतात, औषध भरून देतात, डॉक्टरांच्या सूचनेनुसार ते सोडतात, रक्तदाब आणि ऑक्सिजन पाहतात. हे त्यांचं रीतसर काम आहे. म्हणून इंजेक्शन कोणी टोचलं, एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. औषध कोणी ठरवलं आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या उशाशी कोणते डॉक्टर होते, हे विचारा.

ऑपरेशन थिएटरमध्ये कोण असतं आणि त्यांची नोंदणी कुठे असते?

- भूलतज्ज्ञ: एमबीबीएसनंतर भूलशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीए केलेले डॉक्टर. एमडी आणि डीएनबी तीन वर्षांचे, डीए हा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे.
- एलएसएएस प्रशिक्षण घेतलेले एमबीबीएस डॉक्टर: भूलतज्ज्ञ कमी पडतात म्हणून सरकारने काही एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांना काही महिन्यांचं भुलीचं प्रशिक्षण दिलं. बाळंतपणातल्या तातडीच्या प्रसंगी, विशेषतः सिझरसाठी, ते तयार केलेले असतात. सरकारी रुग्णालयात असे डॉक्टर भूल देत असतील तर घाबरू नका. मात्र मोठ्या, आधी तारीख ठरवून होणाऱ्या ऑपरेशनसाठी पूर्ण भूलतज्ज्ञच असू द्या.
- सिस्टर आणि ब्रदर: जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेले. नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे.
- ओटी टेक्निशियन, भूल तंत्रज्ञ: भुलीचं यंत्र, ऑक्सिजन, नळ्या आणि मॉनिटर तयार ठेवतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा असा एक अभ्यासक्रम. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र ओळख दिली आहे. पण हे भूलतज्ज्ञांचे मदतनीस असतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.
- निवासी डॉक्टर: अनेक खासगी रुग्णालयांत रात्रीच्या देखरेखीला बीएएमएस किंवा बीएचएमएस डॉक्टर असतात. त्यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. देखरेख हे त्यांचं काम. भूल तेच देणार असं कोणी सांगितलं, तर भुलीतली पदव्युत्तर पदवी कोणती आणि नोंदणी कुठली, हे स्पष्ट विचारा.

जखमेला टाके घालताना किंवा गळू फोडताना तेवढीच जागा बधिर केली जाते. त्यासाठी भूलतज्ज्ञ लागत नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रातले वैद्यकीय अधिकारी ते करू शकतात.

नोंदणी तपासण्याच्या पायऱ्या

1. पूर्ण नाव मागा. "पनवेलचे डॉक्टर येतात" हे उत्तर पुरेसं नाही.
2. नोंदणी क्रमांक विचारा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवर हा क्रमांक द्यायचा असतो. ही माहिती गुप्त नाही.
3. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर शोधा. डॉक्टर दुसऱ्या राज्यात नोंदलेले असतील तर राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या नोंदवहीत पाहा. रुग्णालयात कौन्सिलचा क्यूआर कोड लावलेला दिसला तर तो मोबाइलवर स्कॅन करा.
4. भुलीची पदवी नोंदलेली आहे का, ते पाहा. नुसतं एमबीबीएस दिसत असेल तर वरची पदवी कोणती आणि ती कौन्सिलकडे नोंदवली आहे का, हे विचारा. तशी पदवी नसताना स्वतःला तज्ज्ञ म्हणवणं नियमांत बसत नाही.
5. मुदत पाहा. नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं.

रायगडाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये नेटवर्क मिळत नसेल तर नाव आणि क्रमांक मुंबईतल्या मुलाला किंवा भाच्याला पाठवा. तपासायला पाच मिनिटं लागतात.

इंडियन सोसायटी ऑफ ॲनेस्थेशिऑलॉजिस्ट्स ही भूलतज्ज्ञांची संघटना १९४७ पासून आहे. तिचं सदस्यत्व भिंतीवर दिसलं तर चांगलंच. पण सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे. परवाना कौन्सिलच्या नोंदणीचाच.

पूर्णवेळ की कॉलवर?

तालुक्याच्या ठिकाणी खासगी रुग्णालयात पूर्णवेळ भूलतज्ज्ञ असतीलच असं नाही. बऱ्याचदा ते बाहेरून बोलावले जातात आणि एकाच दिवशी दोन-तीन रुग्णालयांत काम करतात. ही पद्धत बेकायदा नाही, चुकीचीही नाही. फक्त त्यातले धोके तुम्हाला ठाऊक हवेत. ऑपरेशनची तारीख घेतानाच हे विचारा:

- भूलतज्ज्ञ रुग्णाला आधी कधी तपासणार? आदल्या दिवशी, की थेट टेबलावर?
- ऑपरेशन संपेपर्यंत ते थिएटरमध्येच असतील ना?
- रुग्ण पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय निघणार नाहीत ना?
- रात्री श्वास किंवा रक्तदाब बिघडला तर कोण येणार, किती वेळात?
- ठरलेले भूलतज्ज्ञ आले नाहीत तर ऑपरेशन पुढे ढकलणार, की दुसऱ्या कोणाला बोलावणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "तेवढं आम्ही सांभाळून घेऊ" असं उत्तर मिळालं तर पुन्हा विचारा. सर्जननेच कमरेत भूल द्यायची आणि त्यांनीच ऑपरेशन करायचं, ही व्यवस्था नियोजित ऑपरेशनला मान्य करू नका. हात पोटात असताना रक्तदाब कोसळला तर त्याकडे पाहायला दुसरा डॉक्टर हवा.

कुठे जायचं? नियोजित आणि तातडीचं, वेगळा विचार करा

हर्निया, गर्भाशय, गुडघा, पित्ताशयातले खडे अशी बहुतेक ऑपरेशनं थोडी थांबू शकतात. अशा वेळी भूलतज्ज्ञ मिळेल त्या दिवशी, मिळेल त्या ठिकाणी जाणं शहाणपणाचं. तुमच्यासमोरचे पर्याय असे:

- महाड आणि पोलादपूरची ग्रामीण रुग्णालयं. जाण्याआधी फोन करून किंवा आशाताईंमार्फत विचारा: भूलतज्ज्ञांचं पद भरलेलं आहे का, ते कोणत्या वारी असतात?
- माणगावचं उपजिल्हा रुग्णालय आणि अलिबागचं जिल्हा रुग्णालय.
- कशेडी घाटापलीकडे डेरवणचं वालावलकर रुग्णालय, किंवा पनवेलच्या बाजूला कामोठ्याचं एमजीएम. दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालय असल्याने भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग असतो. रुग्णाला हृदयविकार, दमा किंवा अनियंत्रित साखर असेल तर लांबचा प्रवास इथेच वसूल होतो.

अपघात, अडलेलं बाळंतपण, फुटलेलं अपेंडिक्स अशा वेळी संकेतस्थळं पाहत बसू नका. १०८ ला फोन करा. निघतानाच एक प्रश्न विचारा: "तिथे आत्ता भूलतज्ज्ञ आहेत का?" सर्जन आहेत पण भूलतज्ज्ञ नाहीत, अशा ठिकाणी पोचून पुन्हा पुढे पाठवलं जाण्यात मोलाचे तास जातात.

घरात गरोदर बाई असेल तर सातव्या महिन्यातच ठरवून ठेवा: सिझरची वेळ आली तर कुठे जायचं, तिथे भूलतज्ज्ञ रात्री मिळतात का, गाडी कोणाची. तारीख आषाढ-श्रावणातली असेल तर अधिक जपा. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडालं, तळियेवर दरड कोसळली, रस्ते तुटले. पाचाडहून महाड पंचवीसेक किलोमीटर असलं तरी अशा रात्री ते अंतर कापता येत नाही. डॉक्टरांनी बाळंतपण जोखमीचं सांगितलं असेल तर शेवटचे काही दिवस रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहायला न्या.

सही करताना

२००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संमती खरी ठरण्यासाठी रुग्णाला उपचार, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. म्हणून:

- भुलीचं संमतिपत्र वेगळं आहे का, ते पाहा. ऑपरेशनच्याच कागदात असेल तर भुलीचा प्रकार आणि धोके त्यात लिहिलेले असावेत.
- ते मराठीत मागा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा.
- कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.
- भूलतज्ज्ञांचं नाव कागदावर लिहून घ्या.
- रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याची किंवा तिची स्वतःची हवी. बाईच्या ऑपरेशनला फक्त नवऱ्याची सही घेतली जात असेल तर तिला माहिती देऊन तिची सही घ्यायला सांगा.

भूलतज्ज्ञांना तुम्ही काय सांगायचं?

योग्य पदवीचे डॉक्टर मिळाले तरी तुम्ही माहिती लपवली तर धोका राहतोच. खालच्या गोष्टी न विचारता सांगा:

- तंबाखू, मिश्री, बिडी, दारू. इथे लाजू नका. श्वासाच्या त्रासाशी याचा थेट संबंध आहे.
- रक्तदाब, साखर, दमा, फिट, थायरॉइड, सिकलसेल, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या.
- वैदूचं औषध, काढे, झाडपाला.
- आधीच्या भुलीत झालेला त्रास, आणि भुलीत जवळच्या नातेवाइकाचं काही बरं-वाईट झालं असल्यास तेही.
- हलणारा दात, कवळी, कोणत्या औषधाची ॲलर्जी.

उपाशी राहण्याचा नियम सर्वसाधारणपणे असा: जेवण, भाकरी, पेज, दूध किंवा दुधाचा चहा ऑपरेशनच्या किमान ६ तास आधी बंद, तेलकट-मटणाचं जेवण ८ तास आधी बंद. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळासाठी ४ तास. साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. तुमचे भूलतज्ज्ञ वेगळं सांगतील तर तेच पाळा. पोरगं रडतं म्हणून गुपचूप बिस्किट देऊ नका. भुलीत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो.

पैशांचं काय?

- सरकारी बाळंतपण: जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यात सरकारी रुग्णालयातलं सिझरही मोफत असतं. भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावले म्हणून नातेवाइकांकडून पैसे मागता येत नाहीत.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: योजनेत बसणाऱ्या ऑपरेशनच्या पॅकेजमध्ये भूलतज्ज्ञांची फी धरलेली असते. "भुलीचे वेगळे द्या" असं कोणी म्हटलं तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा किंवा १५५३८८ वर फोन करा.
- खासगी रुग्णालय: भूलतज्ज्ञांची फी किती, हे अंदाजपत्रकात आधी लिहून घ्या. रक्कम हातात रोख दिली तरी पावती मागा. पुढे तक्रारीची वेळ आली तर भूल कोणी दिली, याचा तोही पुरावा ठरतो.

तुमचे हक्क आणि तक्रारीची वाट

महाराष्ट्रातल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये बदल झाले. त्यानुसार खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. उपचार करणाऱ्यांचं नाव आणि पात्रता जाणून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. काही बिघडलं असं वाटलं तर भांडणात वेळ घालवू नका. या क्रमाने जा:

1. कागद मागा. लेखी अर्ज केल्यावर ७२ तासांत नोंदी मिळाल्या पाहिजेत. त्यात भुलीची नोंद खास मागा. कोणतं औषध किती वाजता दिलं, रक्तदाब आणि ऑक्सिजन किती होता, हे त्या कागदावर असतं.
2. प्रशासनाकडे अर्ज करा. जिल्हा शल्यचिकित्सक, अलिबाग यांच्याकडे लेखी तक्रार द्या. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर तो पुढे पाठवून तुम्हाला कळवावं, अशी मागणी अर्जातच लिहा आणि पोच घ्या.
3. कौन्सिलकडे जा. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, नर्सबद्दल महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल.
4. नुकसानभरपाईसाठी ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवलं. तक्रार २ वर्षांच्या आत करा. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही.
5. सरकारी रुग्णालयात पदच रिकामं असेल तर माहिती अधिकारात विचारा: भूलतज्ज्ञांची मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी कधीपासून? अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आलेलं उत्तर ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत मांडा. एका घराच्या तक्रारीपेक्षा गावाचा ठराव जास्त टिकतो.

मुलगी नर्स आहे किंवा घरातलं कोणी अमेरिकेत आहे

महाड-पोलादपुरातल्या पुष्कळ मुली नर्सिंग करतात. एखाद्या संस्थेने "नर्सिंगनंतर भूलतज्ज्ञ व्हा" अशी जाहिरात केली तर फी भरण्याआधी सावध व्हा. भारतात तशी स्वतंत्र वाट नाही. ऑपरेशन थिएटर नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम किंवा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा अतिदक्षता विभागासाठीचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम, हे खरे पर्याय आहेत.

अमेरिकेतली वाट लांबची आहे. आधी नर्सिंगची पदवी, मग एनसीएलईएक्स परीक्षा आणि परवाना, अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष काम, त्यानंतर भुलीचा अभ्यासक्रम आणि राष्ट्रीय प्रमाणन परीक्षा. २०२२ पासून तिथे नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना डॉक्टरेट पातळीचाच अभ्यासक्रम करावा लागतो. म्हणून तिथे सुनेला किंवा तुम्हाला अशा नर्सने भूल दिली तर ती अर्धवट शिकलेली नसते. तिथेही परवाना ऑनलाइन तपासता येतो, आणि तुमच्या रुग्णालयात ती स्वतंत्रपणे काम करते की डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हे विचारता येतं.

ऑपरेशनची तारीख ठरली असेल तर आजच रुग्णालयाला फोन करून भूलतज्ज्ञांचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. ऑपरेशन झाल्यावर भुलीच्या नोंदीची प्रत फाइलमध्ये लावा. त्याच रुग्णाला पुढे कधीही भूल द्यावी लागली तर नव्या भूलतज्ज्ञांना सगळ्यात आधी तोच कागद हवा असतो.